जुनी फोर बाय फोर घेताय? बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली शिरा

पावसाळा लागला की मोबाईलवर एक दृश्य हमखास दिसायला लागतं. धुक्यातला सह्याद्री, चिखलाने माखलेली जिप्सी, मागे तंबू आणि स्टोव्हवर उकळणारा चहा. हे बघून अनेकांना वाटतं, आपलीही अशी गाडी हवी. मग नव्या फोर बाय फोरची किंमत समोर येते आणि बोट आपोआप जुन्या गाड्यांच्या जाहिरातींकडे वळतं.

तिथे सगळं छानच लिहिलेलं असतं. 'इंजिन मख्खन', 'एक रुपयाचं काम नाही', 'फक्त बसा आणि जंगलात घाला'. प्रत्यक्षात दहा-पंधरा वर्षं जुन्या, दगडधोंड्यांतून फिरलेल्या गाडीचा हिशोब शहरातल्या जुन्या हॅचबॅकपेक्षा वेगळा असतो. हॅचबॅक बंद पडली तर टोइंगवाला येतो. ही गाडी बंद पडेल ती रेंज नसलेल्या ठिकाणी, उतारावर आणि बहुतेक वेळा रात्री.

म्हणून अशी गाडी तपासायचा एक साधा नियम आहे. जे दुरुस्त होऊच शकत नाही ते आधी बघायचं. जे होतं पण महागात पडतं ते नंतर. आणि जे स्वस्तात होतं ते सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक नेमके उलटे जातात. रंग, सीट, टायर आणि म्युझिक सिस्टिम बघून गाडी पसंत करतात आणि चासीला पडलेलं भोक तीन महिन्यांनी सापडतं.

आधी ठरवा, गाडी नेमकी कशासाठी?

आपल्याकडे जुन्या बाजारात या कामासाठी प्रामुख्याने तीन प्रकारच्या गाड्या बघितल्या जातात.

पहिली मारुती जिप्सी. ही १९८५ मध्ये आली. १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिनाची जिप्सी किंग आली आणि पुढे २०१८ पर्यंत ती बनत राहिली. वजन साधारण एक टन. हलकी असल्यामुळे चिखलात ती कमी रुतते, आणि रुतलीच तर चार माणसं ढकलून बाहेर काढू शकतात. पण गाडी पेट्रोलवर चालते, मागची बाकडी आडवी आणि सामानाला जागा कमी.

दुसरी जुनी थार, म्हणजे २०१० ते २०२० मधली. तिच्या सीआरडीई मॉडेलमध्ये २.५ लिटरचं डिझेल इंजिन आहे आणि ओढण्याची ताकद भरपूर. २०१५ च्या फेसलिफ्टनंतर मागच्या अॅक्सलला लॉकिंग डिफरन्शियलचा पर्याय मिळू लागला. एक चाक हवेत उचललं गेलं तरी दुसऱ्या चाकाला जोर मिळावा, यासाठी ही सोय असते. विकत घेताना ती गाडीत आहे का, हे आवर्जून विचारा.

तिसरा प्रकार पिकअपचा. इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस भारतात २०१६ मध्ये आली. पाच माणसं आत आणि सगळा पसारा मागच्या हौद्यात, त्यामुळे कॅम्पिंगसाठी तिच्याइतकी सोय बाकी दोघींत नाही. पण लांबी जवळपास ५.३ मीटर आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे ३.१ मीटर. जिप्सीमध्ये हेच अंतर २.४ मीटरच्या आत आहे.

या फरकाचा अर्थ काय? चाकांमधलं अंतर जास्त असेल, तर उंचवट्यावरून जाताना गाडीचं पोट टेकतं. लांब शेपटी असेल, तर ओढ्यातून वर चढताना मागचा बंपर घासतो. म्हणजे अरुंद, दगडी वाटांवर जिप्सी आणि थार वरचढ ठरतात. लांबचा प्रवास आणि चार दिवसांचा मुक्काम असेल तर पिकअप. वर्षातून दोनदाच धरणाकाठी तंबू ठोकायचा असेल, तर मात्र फोर बाय फोरची गरजच आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारलेला बरा. ती यंत्रणा वापरली नाही तरी तिची देखभाल चुकत नाही.

घरी बसून होणारी तपासणी: कागद

गाडी बघायला जाण्याआधी विक्रेत्याकडून आरसीचा फोटो मागवा आणि एम-परिवहन अॅपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकून बघा. पाच गोष्टी महत्त्वाच्या.

एक, नोंदणीची मुदत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. चारचाकीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून पाच हजार रुपये झालं आणि २० वर्षांवरच्या हलक्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये दहा हजार. त्यावर महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. म्हणजे १४ वर्षं जुनी गाडी स्वस्त दिसते, पण वर्षभरात हा खर्च आणि आरटीओची तपासणी तुमच्या गळ्यात पडणार आहे.

दोन, गाडीचा वर्ग. पिकअपची नोंदणी मालवाहू म्हणून झाली आहे का, ते बघा. तशी असेल तर नंबर प्लेट पिवळी, आणि आठ वर्षांनंतर फिटनेस दरवर्षी करावा लागतो. विमाही वेगळा असतो.

तीन, कर्जाचा बोजा. आरसीवर बँकेचं नाव असेल, तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनंही याच वेळी बघून घ्या.

चार, परराज्यातली गाडी. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या आदेशानंतर दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, आणि तिकडच्या अनेक गाड्या स्वस्तात इतर राज्यांत विकल्या गेल्या. किंमत बघून मोह होतो. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नव्याने नोंदणी हा सगळा खर्च मिळवला की स्वस्ताई बरीच कमी होते.

पाच, इंजिन आणि चासी नंबर. जुन्या जीपमध्ये इंजिन बदलण्याची पद्धत सर्रास होती. आरसीवर एक इंजिन आणि बॉनेटखाली दुसरंच, असा प्रकार असेल तर नूतनीकरणाच्या वेळी गाडी अडते. गाडी बघायला गेल्यावर दोन्ही नंबर स्वतः वाचून जुळवा.

एक सावधगिरी जिप्सीवाल्यांसाठी. 'मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी कॅन्टोन्मेंटमध्ये उभी आहे, आधी थोडी रक्कम पाठवा' ही ऑनलाइन फसवणुकीची जुनी तऱ्हा आहे. लष्कराच्या बाद झालेल्या गाड्या खरंच विकल्या जातात, पण लिलावातून. त्यामुळे गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका.

आता गाडीखाली शिरा

जिप्सी, थार, व्ही-क्रॉस या तिन्ही गाड्या शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर उभ्या असतात. ती चौकट म्हणजे चासी. इंजिन, गिअरबॉक्स आणि अॅक्सल हे सगळं तिलाच बांधलेलं असतं. इंजिन बदलता येतं, दरवाजा नवा बसवता येतो. चासी आतून गंजली तर तिच्यावर भरवशाचा उपाय नाही. बदलायची म्हटली तरी खर्च आणि आरटीओची कागदपत्रं बघून माणूस गाडी भंगारात काढतो.

म्हणून एक जुनी सतरंजी, टॉर्च आणि मोठा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन जा. चासीच्या दोन्ही पट्ट्यांवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत पुढून मागे या. घट्ट लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बद्द येतो. शंका वाटेल तिथे मालकाला विचारून टोकाने दाबून बघा. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं, तर विषय तिथेच संपवा.

गंज लागण्याच्या जागा ठरलेल्या असतात. पाटे जिथे चासीला टांगलेले असतात ते ब्रॅकेट, बॉडी जिथे चासीवर टेकते ते रबराचे माउंट, मागच्या चाकांच्या वरचा भाग आणि चिखल साचून राहतो ते कोपरे. जिप्सी आणि जुन्या थारमध्ये मॅट उचलून पायाखालचा पत्राही बघा.

गाडी कुठे वाढली हेही विचारा. कोकण किनाऱ्यावरची, त्यातही पुळणीत फिरवलेली गाडी असेल तर दुप्पट काळजी घ्या. समुद्राचं खारं पाणी चासीच्या पोकळीत शिरलं की वरून धुऊन निघत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वाढलेली गाडी रंगाने उडालेली दिसेल, पण खालून अनेकदा बरी निघते.

खालच्या बाजूला ताजा काळा रंग मारलेला दिसला तर सावध व्हा. तो गंज थांबवण्यासाठी मारतात आणि लपवण्यासाठीही. ओबडधोबड वेल्डिंगची ठिगळं किंवा एका बाजूला वाकलेली पट्टी दिसली, तर ही गाडी कुठेतरी जोरात आपटली आहे असं समजा.

इंजिन थंड असतानाच सुरू करा

विक्रेत्याला आधीच सांगा, 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका'. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर प्रश्न विचारा. गरम इंजिन आपले बरेच आजार लपवतं.

सुरू केल्यावर धुराकडे बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि हे कधी कधी नुसत्या चोंदलेल्या एअर फिल्टरमुळेही होतं. पांढरा धूर सुरुवातीला थोडा येऊन थांबला तर ठीक. इंजिन तापल्यावरही येत राहिला, तर कूलंट आत शिरतंय किंवा इंजेक्टर बिघडलाय, अशी शंका घ्यायला जागा आहे.

इंजिन सुरू असताना ऑइल भरायचं झाकण जपून सैल करा. तिथून फक-फक करत जोरात वाफ येत असेल, तर पिस्टनच्या रिंग झिजल्या असण्याची शक्यता मोठी. झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ चहासारखा चिकटा दिसला, तर ऑइलमध्ये पाणी आहे का ते तपासायला हवं. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना अजिबात उघडू नका.

घाटवाटांवर इंजिन कमी वेगात आणि जास्त जोरात चालतं, त्यामुळे रेडिएटरची खरी परीक्षा तिथेच होते. चाचणी देताना गाडी चढावर दहा-पंधरा मिनिटं चालवा, मग उभी करून इंजिन सुरूच ठेवा आणि तापमानाच्या काट्याकडे बघा. काटा वर सरकत राहिला तर रेडिएटर, पंखा किंवा वॉटर पंप यांपैकी कुठेतरी काम आहे.

फोर बाय फोर खरंच चालतं का?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि सगळ्यात कमी वेळा तपासला जाणारा. कित्येक गाड्यांमध्ये ती दांडी वर्षानुवर्षं हललेलीच नसते.

या तिन्ही गाड्यांत साधारण तीन स्थिती असतात. टू-एच म्हणजे ताकद फक्त मागच्या चाकांना. फोर-एच म्हणजे चारही चाकांना. आणि फोर-एल म्हणजे चारही चाकांना, पण वेग कमी आणि जोर कितीतरी जास्त. तीव्र चढ-उतार, दगड आणि खोल चिखल यांसाठी फोर-एल.

ही चाचणी डांबरी रस्त्यावर करू नका. वळताना पुढची चाकं मागच्या चाकांपेक्षा जास्त अंतर कापतात. पण फोर बाय फोर लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधला जातो. मातीत चाक थोडं घसरतं आणि हा फरक भरून निघतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, आणि सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. त्यामुळे मोकळं शेत किंवा मुरुमाचं मैदान शोधा.

तिथे फोर-एच लावून हळू निघा आणि सोबतच्या माणसाला पुढच्या चाकांकडे बघायला सांगा. भुसभुशीत मातीत पुढची दोन्ही चाकं ओढताना दिसली पाहिजेत. काही जुन्या गाड्यांत पुढच्या हबचं वेगळं लॉक असतं. ते लागत नसेल तर दांडी पडूनही पुढची चाकं नुसतीच फिरतात.

मग फोर-एल. गाडी उभी करून दांडी टाका, पहिल्या गिअरमध्ये उतारावर सोडा आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढा. गाडी इंजिनाच्या जोरावर, ब्रेकशिवाय, मुंगीच्या गतीने उतरली पाहिजे. दांडी उडून बाहेर येत असेल, कडकड आवाज होत असेल, तर ट्रान्सफर केसचं काम निघणार. हे मोठ्या खर्चाचं काम आहे.

आता एक अशी तपासणी जी फार थोडे लोक करतात. मेकॅनिकला पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल थोडं काढायला सांगा. ते दुधाळ निघालं तर गाडी खोल पाण्यात गेली होती आणि नंतर कुणी ऑइल बदललं नाही, असं समजायला हरकत नाही. गरम अॅक्सल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ऑइलमध्ये लोखंडाचे तुकडे असतील, तर आतले दात गेले. ड्रेन प्लगला चिकटलेली बारीक राखाडी भुकटी मात्र नेहमीची झीज आहे.

पाटे, स्टिअरिंग, टायर

सपाट जागेवर गाडी थोडी लांबून बघा. एका बाजूला झुकली असेल, तर पाटा बसलाय किंवा तुटलाय. पाट्यांवर आडवी चीर शोधा. मग प्रत्येक चाक जॅकवर उचलून, गाडीला स्टँड लावून, वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवा. खडखड झाली तर बेअरिंग, किंग-पिन किंवा बॉल जॉइंटचं काम आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. पुढून टक-टक आवाज आला तर पुढच्या अॅक्सलचा जॉइंट झिजलाय.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी खोल असली तरी सहा-सात वर्षं जुना टायर दगडावर भरवशाचा नाही. चारही टायर एकाच मापाचे हवेत, नाहीतर फोर बाय फोर लावल्यावर त्या फरकाचा ताण गिअरवर येतो. स्टेपनीही त्याच मापाची हवी.

ही सगळी कामं स्वस्तातली किंवा मध्यम खर्चाची. यावरून भाव पाडा, गाडी सोडू नका.

मॉडिफिकेशनला भुलू नका

उंच केलेली गाडी, अवाढव्य टायर, लोखंडी बंपर, छतावर लाइटांची रांग. विक्रेता या सगळ्याचे पैसे लावतो. कायद्याच्या नजरेत यातल्या बऱ्याच गोष्टी दोष आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ स्वरूपात बदल करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी, दर बदलामागे, मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढे लावलेल्या बुल-बारविरोधात कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. बदल विमा कंपनीला सांगितलेले नसतील, तर दावा अडकू शकतो तो वेगळाच.

आणि मॉडिफाय केलेल्या गाडीचा एक सरळ अर्थ असतो, ती दामटून चालवली गेली आहे. अशा गाडीपेक्षा कुणा बागायतदाराची कंपनी स्थितीतली साधी गाडी केव्हाही चांगली. मूळ बंपर, मूळ स्प्रिंग जपून ठेवलेत का, ते विचारा. वायरिंगही नीट बघा. जादा लाइट आणि फ्रिजसाठी फ्यूजशिवाय ओढलेल्या तारा हे आगीला आमंत्रण आहे.

कॅम्पिंगचं खरं गणित वजनाचं

प्रौढ माणसं चार, सरासरी ६५ किलोने २६० किलो. पाणी ४० लिटर, म्हणजे ४० किलो. छतावरचा तंबू साधारण ६० किलो. शिधा, शेगडी आणि भांडी ३० किलो. जॅक, दोर, फावडं, हत्यारं आणखी ३० किलो. झाले ४२० किलो. त्यात लोखंडी बंपर आणि विंच बसवली, की आकडा सहज ५०० च्या आसपास जातो.

गाडीचं रिकामं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन यांतला फरक म्हणजे तुमची मर्यादा. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये हे आकडे मिळतात. जिप्सीसारख्या हलक्या गाडीत ही मर्यादा लवकर संपते. जादा वजनाने ब्रेक उशिरा लागतो, पाटे बसतात. वजन छतावर असेल तर आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोकाही वाढतो. जड सामान खाली आणि मध्यभागी, हलकं वर, एवढं पाळलं तरी खूप झालं.

शेवटचा हिशोब

जो भाव ठरेल, त्यात पाचवा ते चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी वेगळा धरा. चार लाख हातात असतील, तर गाडी सव्वातीन लाखांच्या आतली बघा. घेतल्याबरोबर सगळी ऑइलं, फिल्टर, बेल्ट, ब्रेकचं द्रव आणि रेडिएटरचे पाइप बदला. विक्रेता काहीही म्हणो, हे टाळू नका. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी सही करून घ्या आणि विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या.

टायर, क्लच, पाटे, बॅटरी, सीट यांतलं काहीही खराब असेल तर घासाघीस करा. इंजिन किंवा ट्रान्सफर केस खराब असेल, तर ते काम करणारा मेकॅनिक आणि त्याचा अंदाज हातात असेल तरच पुढे जा. पण चासी गंजलेली असेल, नंबर जुळत नसतील किंवा मालक गाडीखाली शिरू देत नसेल, तर चहा प्या, नमस्कार करा आणि परत या. जिप्सी बाजारात अजून आहेत, थारही आहेत. पुढचा पावसाळाही येणारच आहे.